गॅस गिझरवरचा ई१ आणि परभणीचा जानेवारी

ज्यांच्या गिझरवर आत्ताच ई१ किंवा तसला बिघाडाचा कोड झळकतोय, त्यांनी आधी गिझरकडं जाणारा गॅसचा कॉक बंद करावा, खिडक्या-दारं उघडावीत आणि मग निवांत पुढं वाचावं. गॅसचा वास येत असेल तर वाचतही बसू नये. विजेचं कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंदसुद्धा करायचं नाही. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा, घरातल्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेरून १९०६ ला फोन लावायचा. गॅसगळतीसाठीचा हा चोवीस तासांचा नंबर आहे, एजन्सी कुठलीही असो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, फरशीलगत साचतो, त्यामुळं वरची खिडकी उघडली म्हणजे झालं असं होत नाही. दारं सताड उघडी ठेवावी लागतात.

वास नसेल तर मात्र धीरानं घ्या. कोड दाखवून बंद पडलेल्या गिझरनं गॅस स्वतःच अडवलेला असतो. त्याला पुन्हा पुन्हा चालू करत बसणं हेच जास्त धोक्याचं, कारण प्रत्येक वेळी ठिणगी पडेपर्यंत थोडा न जळलेला गॅस बाहेर येतो. माझ्या गिझरच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की एकदा बंद करा, पाच मिनिटं थांबा, एकदा चालू करून बघा, पुन्हा तोच कोड आला तर सोडून द्या. मी ते शब्दशः पाळलं.

आम्ही वसमत रोडला वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो. मी, नवरा, दोन मुलं आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे बाहेरच्यांना विनोदाचं वाटतं. जर्मनीत निदान घरं तापवायची सोय असते. इथं जानेवारीत कृषी विद्यापीठाचा तापमानाचा आकडा एक आकडी झाला की पहाटेच्या पाण्यात हात घालवत नाही. सकाळी वीज जायची म्हणून २०२१ च्या दिवाळीनंतर आम्ही सहा लिटरचा, छोट्या पाटीवर आकडे दाखवणारा गॅस गिझर घेतला. साडेसहा हजारांना. तो बाथरूममध्ये नाही, स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत भिंतीला लावलेला आहे आणि गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत जातो. दुकानदारानंच तसं बजावलं होतं. गॅस गिझर बाथरूमच्या आत लावायचा नाही.

२ जानेवारी २०२३, सोमवार. शाळेला सुट्ट्या नव्हत्या, पोरांना सातला आवरायचं होतं. धाकटा अंगावर तांब्या ओतणार एवढ्यात पाणी गार झालं. गॅलरीत जाऊन पाहिलं तर ई१. आत्याबाईंनी तोवर चुलीवर, म्हणजे शेगडीवर, पातेलं ठेवलंही होतं. “आमच्या बंबाला कधी कोड आला नाही,” हे वाक्य पुढचा महिनाभर घरात रोज ऐकायला मिळालं.

दुपारी पुस्तिका काढून बसले. ती शेवटच्या पानावर असते ती कोडची यादी. आमच्या मॉडेलला ई१ म्हणजे आग लागली नाही किंवा लागून विझली. ई२ म्हणजे आग नसताना आग असल्याचा सिग्नल मिळतोय. ई३ उष्णता प्रमाणाबाहेर, ई४ पाण्याच्या तापमानाचा सेन्सर. शिवाय वीस मिनिटं सलग चालला की आपोआप बंद होतो, त्याची वेगळी खूण. खालच्या गल्लीतल्या मैत्रिणीकडं दुसऱ्या कंपनीचा गिझर आहे, त्याच्या पुस्तिकेत ई३ चा अर्थ निराळाच निघाला. तेव्हा मोबाइलवर कुणीतरी सांगितलेला अर्थ आपल्या मशीनला लावू नये. पुस्तिका हरवली असेल तर गिझरच्या खालच्या बाजूला पाटी असते, तिच्यावरचा मॉडेल नंबर बघून कंपनीकडून मागवता येते. त्या पाटीचा फोटो आजच काढून ठेवा. अनुक्रमांक पुढं जागोजागी लागतो आणि वाकून वाचताना मान आखडते.

ई१ चा अर्थ कळला म्हणजे बिघाड कळला, असं मात्र नाही. मी सातवीला विज्ञान शिकवते, म्हणून जरा आत शिरून बघितलं. नळ उघडला की पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा सरकतो आणि एक छोटा स्विच दाबला जातो. सर्किट जागं होतं, टक-टक-टक ठिणग्या पडतात, विजेवर चालणारा व्हॉल्व्ह गॅस सोडतो. बर्नरवर दोन काड्या असतात. एक ठिणगी पाडणारी, दुसरी आग ओळखणारी. ज्वाळेतून अगदी सूक्ष्म वीजप्रवाह वाहू शकतो, अँपिअरच्या दशलक्षांश भागांत मोजण्याइतका. तो प्रवाह दुसऱ्या काडीतून मिळाला तर सर्किट समजतं की आग आहे. काही सेकंदांत नाही मिळाला तर व्हॉल्व्ह बंद. म्हणजे ई१ चा खरा निरोप एवढाच, की मला आग दिसली नाही. का दिसली नाही, हे तो सांगत नाही. सेल उतरले असतील, सिलिंडर संपत आला असेल, वारा असेल, काडीवर काजळी असेल, हवा पुरत नसेल. यातलं काय आपण बघायचं आणि काय नाही, हे ठरवणं हाच सगळा खेळ.

मी ठरवलेला नियम सोपा होता. झाकणाचा स्क्रू न काढता जेवढं बघता येईल तेवढं माझं, स्क्रूच्या आतलं कंपनीच्या माणसाचं.

सेल सगळ्यात आधी. दोन जाडे सेल असतात, दीड-दीड व्होल्टचे. ठिणग्यांचा आवाज मंद झाला, पाटीवरचे आकडे फिके दिसले की समजायचं. जोडी एकदम बदलायची, एक नवा एक जुना असं करायचं नाही. मग पाणी. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाइपला गिझरच्या तोंडाशी छोटी जाळी असते. आमचं बोअरचं पाणी, त्यामुळं ती पांढऱ्या क्षारानं निम्मी बुजली होती. जुन्या ब्रशनं साफ केली.

मग सिलिंडर. हलवून पाहिला तर हलका लागला. इथं थंडीचा संबंध येतो. सिलिंडरमध्ये गॅस द्रवरूपात असतो आणि वापरताना त्याची वाफ होते. त्यातला प्रोपेन कडाक्याच्या थंडीतही उकळतो, पण ब्युटेनचा उत्कलनबिंदू शून्याच्या जरासा खाली आहे. पहाटेच्या गारठ्यात, सिलिंडर तळाला आलेला असताना, गिझरसारखं खादाड उपकरण एकदम ओढायला लागलं की दाब पडतो. शेगडीला तेवढा पुरतो, म्हणून स्वयंपाक व्यवस्थित होतो आणि माणूस म्हणतो, गॅस तर आहे! अशा वेळी सिलिंडर आडवा करणं किंवा त्यावर गरम पाणी ओतणं हे प्रकार आपल्याकडं सर्रास चालतात. करू नका. आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये घुसतो आणि मग ज्वाळा कुठवर जाईल याचा भरवसा नाही. आम्ही नवा सिलिंडर लावला, हजाराच्या वर गेले. बदलल्यावर पहिल्या खेपेला परत ई१ आला, पण तो नळीत शिरलेल्या हवेमुळं. पाच मिनिटांनी लावला, लागला.

दोन दिवस सगळं सुरळीत. मग पुन्हा सुरू झालं, आणि या वेळी त्यात एक शिस्त दिसली. पहिली अंघोळ नीट व्हायची. दुसरीही व्हायची. तिसऱ्या माणसाचं पाणी मध्येच गार. वीस मिनिटांची खूण नाही, ई१ च. मी फ्रिजवर एक कागद चिकटवला: वेळ, कितवी अंघोळ, गॅलरीचं दार उघडं की बंद, कोड कुठला. असा कागद सगळ्यांनी ठेवावा असं मला वाटतं. तंत्रज्ञ येतो तेव्हा मशीन शहाण्यासारखं चालतं आणि आपण खोटारडे ठरतो. कागद असला की बोलणं सोपं जातं.

त्याच कागदावर आत्याबाईंचंही एक टिपण आलं. त्या सकाळी गॅलरीलगतच्या कट्ट्याशी भाजी निवडत बसायच्या. “डोकं जड पडायलंय गं दोन-तीन दिस झाले,” म्हणाल्या. थंडीनं असेल म्हणून सुंठेचा चहा झाला. ते कशानं होतं हे मी आजही खात्रीनं सांगू शकत नाही. पण तारखा कागदावर होत्या, आणि त्या ई१ च्या तारखांशी जुळत होत्या.

ओळखीच्या प्लंबरला बोलावलं ते ११ तारखेला, तेही शेजारच्यांच्या आग्रहामुळं. माणूस कामाचा चांगला आहे, नळाचं काम त्याच्याकडूनच करून घेते. त्यानं वाकून पाहिलं आणि म्हणाला, “ताई, कोडचं काय टेन्शन घ्यायलात. आत तांब्याच्या कॉइलवर बटणाएवढा सेन्सर असतोय, त्याच्या दोन वायरी डायरेक्ट जोडून देतो. परत कोड दिसला तर माझं नाव बदला. तीनशे द्या.” मी नको म्हणाले. चहा दिला, येण्याजाण्याचे पन्नास दिले. तो बटणाएवढा सेन्सर म्हणजे कॉइल प्रमाणाबाहेर तापली तर गॅस तोडणारा थर्मोस्टॅट. पुढं कंपनीच्या माणसानं सांगितलं की काही मॉडेलांत तो गॅसच्या व्हॉल्व्हच्या वायरीतच ओवलेला असतो. म्हणजे अतितापानं तो उघडला की आग विझते आणि पाटीवर ई३ ऐवजी ई१ दिसतो. म्हणून कधीकधी वायर डायरेक्ट केल्यावर कोड खरंच जातो. कोड जातो, ताप राहतो.

त्याच दिवशी कंपनीकडं तक्रार नोंदवली. फोनवर आधी भाषा निवडा, मग उपकरण निवडा, मग वाजणारं गाणं ऐका. त्यांना अनुक्रमांक, खरेदीची तारीख आणि बिलाचा फोटो हवा होता. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का नव्हता, पण जीएसटीचं बिल असल्यानं चाललं. कागदी बिलाची शाई दोन वर्षांत उडते. आमची पुसट झाली होती, सुदैवानं तेव्हाच काढलेला फोटो मोबाइलमध्ये सापडला. दोन वर्षांची वॉरंटी, म्हणजे अजून काही महिने शिल्लक. परभणीत त्यांचं सेंटर नाही, माणूस नांदेडहून येतो आणि इकडच्या चार-पाच तक्रारी साठल्या की येतो. हे शेवटचं वाक्य त्यांनी नाही, मी तीनदा विचारल्यावर एका भल्या मुलीनं हळूच सांगितलं.

संक्रांत गेली. गिझर पूर्ण बंद ठेवला होता. शेगडीवर पातेली चढायची, आणि गरम पाण्याचं पातेलं उचलून बाथरूमपर्यंत न्यायचं हे लहान मुलांच्या घरात फार जिवावर येतं. पातेलं न उचलता बादलीच कट्ट्याजवळ आणून तांब्यानं पाणी काढून घ्यायचं आम्ही ठरवलं. नवऱ्यानं बाजारातून साडेतीनशेची रॉड आणायचं काढलं होतं. लोखंडी बादलीत उघडी रॉड आणि घरात चौथीतला मुलगा, हा हिशेब मला पटला नाही.

१८ ला मोबाइलवर संदेश आला की आपली तक्रार सोडवण्यासाठी तंत्रज्ञ नेमला आहे. पाठोपाठ फोन. “मॅडम, एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा, म्हणजे उद्याची व्हिजिट पक्की होते.” तो ओटीपी कशाचा आहे हे संदेशातच लिहिलेलं होतं: काम पूर्ण झाल्याची खात्री. मी म्हणाले, काम झाल्यावर समोर देते. दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही, आणि तक्रार ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा शेरा मारून बंद झाली. मी शाळेत होते खरी, पण आत्याबाई दिवसभर घरात होत्या आणि मोबाइलवर एकही मिस्ड कॉल नव्हता. त्याचा स्क्रीनशॉट घेतला.

राग आला, पण रागानं पाणी तापत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तिथं खटला भरत नाहीत. ते आपली तक्रार नोंदवून कंपनीपर्यंत पोचवतात आणि नोंदीचा क्रमांक देतात. मला जुना तक्रार क्रमांक, बिलाची तारीख, किंमत आणि नेमकं काय हवंय ते विचारलं. ‘काय हवंय’ याला तयार उत्तर ठेवा. मी म्हणाले, दुरुस्ती हवी आणि बंद केलेली तक्रार त्याच तारखेपासून उघडी धरावी. नुकसानभरपाई वगैरे मागितली नाही. चार दिवसांनी कंपनीकडून फोन आला, बोलणाऱ्याचा आवाज एकदम मऊ झालेला होता.

तंत्रज्ञ २४ ला सकाळी आले, नांदेडच्या पहिल्या गाडीनं. पन्नाशीचे गृहस्थ. झाकण उघडायच्या आधी त्यांनी गिझर चालू करायला सांगितला आणि नुसतं बघत उभे राहिले. खिडकीसारख्या छोट्या भोकातून ज्वाळा दिसते. सुरुवातीला निळी होती. दहा मिनिटं नळ सोडून ठेवला, तर शेंड्याला पिवळी व्हायला लागली, मग लवलवायला लागली. त्यांनी कॉक बंद केला, गॅलरीभर नजर फिरवली आणि म्हणाले, “मॅडम, मशीन का कसूर नै. इसको हवाच नै मिल री.”

गॅलरीची गोष्ट सांगायची राहिली. २०२२ च्या दिवाळीत घरमालक काकांनी कबुतरांच्या त्रासानं ती सगळी बंद करून घेतली होती. अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि वरपासून खालपर्यंत अ‍ॅक्रिलिकची शीट. एक सरकता दरवाजा ठेवला होता, तो थंडीमुळं आम्ही लावलेलाच असायचा.

झाकण निघालं. आग ओळखणाऱ्या काडीवर काळा थर बसला होता, तसाच वरच्या तांब्याच्या पात्यांच्या फटींत. त्यांनी समजावलं ते असं. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो. ज्वाळा पिवळी होते, काजळी धरते. काजळीनं काडीला आग दिसेनाशी होते, आणि पात्यांच्या फटी बुजल्या की धूर वर जायचाही रस्ता अरुंद होतो, म्हणजे हवा आणखी कमी. अर्धवट जळण्यातून नुसती काजळी येत नाही, कार्बन मोनॉक्साइडही येतो. एलपीजीला वास मुद्दाम मिसळलेला असतो, म्हणून गळती कळते. याला ना रंग ना वास. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींच्या ओढीनं याला धरून ठेवतं. डोकं जड होणं, गरगरणं, मळमळणं, हातपाय गळून जाणं ही त्याची लक्षणं, आणि बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेल्या माणसाच्या बातम्या दर हिवाळ्यात पेपरात येतात त्या बहुतेक याच्याच. असं काही जाणवलं तर आधी मोकळ्या हवेत यायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा, गिझर नंतर.

त्या रात्री मी वहीत गणित मांडलं, कारण घरमालकांशी बोलायचं होतं आणि ते हिशेबी माणूस आहेत. सहा लिटरचा गिझर पूर्ण जोरात तासाला साधारण किलोभर गॅस जाळतो, म्हणजे शेगडीचे सहाएक बर्नर एकदम पेटवल्यासारखं. किलोभर एलपीजी नीट जळायला साधारण बारा घनमीटर हवा लागते. आमची गॅलरी चार फूट रुंद, सहा फूट लांब, नऊ फूट उंच. तिच्यात मावणारी सगळी हवा सहा घनमीटर. अर्ध्या तासात गिझरनं गॅलरीतली सगळी हवा खायची म्हटलं तर खाल्ली असती, आणि ऑक्सिजन निम्मा संपायच्या कितीतरी आधीच आग बिघडायला लागते. पाच माणसांच्या सलग अंघोळींना अर्ध्या तासाहून जास्तच लागतो. तिसरी अंघोळ का अडते ते वहीवर स्वच्छ दिसत होतं.

तंत्रज्ञांनी काम पूर्ण केलं. बर्नर आणि पाती साफ, ओळखणारी काडी नवीन. ती वॉरंटीत, फुकट. कॉइलमधला क्षार काढणं वॉरंटीत येत नाही, त्याचे ४५० रुपये पावतीवर घेतले. बोअरच्या पाण्याला वर्षातून एकदा ते करावं म्हणाले. गिझर मात्र चालू करून दिला नाही. कामाच्या कागदावर लिहिलं: ‘जागा बंदिस्त. खाली-वर कायमची मोकळी जागा केल्याशिवाय वापरू नये.’ मी त्यांनाच सांगून ते मराठीत लिहून घेतलं आणि सहीखाली तारीख घातली. मगच ओटीपी दिला.

काकांना तो कागद दाखवायला गेले तेव्हा ते अंगणात ऊन खात बसले होते. “मॅडम, कबुतरांचा वास येतो म्हणून तुम्हीच म्हणला होतात की. दिवाळीला एवढा खर्च केला, अन् आता फोडायचं म्हणायलात.” म्हणाले ते खरंच होतं, कबुतरांची तक्रार आम्हीच केली होती. मी सुरुवात गणितापासून नाही केली, तंत्रज्ञाच्या कागदापासून केली. भाडेकरूच्या शब्दापेक्षा शिक्क्याच्या कागदाला वजन असतं. मग वही. काकू मध्येच म्हणाल्या, “अहो, लेकरं हायेत त्यांच्या घरात.” अर्ध्या तासानं तोडगा निघाला: शीट सगळी काढायची नाही, वरचा दीड फूट आणि खालचा एक फूट पट्टा काढून तिथं कबुतरजाळी बसवायची. दोन्हीकडं मोकळं का? गरम हवा वरून जाते, ती जाताना गार हवा खालून ओढून घेते. एकाच ठिकाणी भोक पाडून ते होत नाही. फॅब्रिकेशनवाल्यानं २,८०० सांगितले. निम्मे काकांनी, निम्मे आम्ही. तो सरकता दरवाजा आता अंघोळीच्या वेळी उघडाच असतो, त्याला आतून खिळा मारलाय, लागतच नाही.

काम २८ ला झालं. त्याआधीच गॅस एजन्सीत जाऊन गॅसजोडणीच्या तपासणीचा अर्ज दिला होता. दर पाच वर्षांनी ही तपासणी करून घ्यायची असते. सोबत गॅसचं पुस्तक, आधारची झेरॉक्स. शुल्क तेव्हा दोनशे अधिक जीएसटी, २३६ रुपये होतं, पावती मिळते. मेकॅनिकनं गिझरला हात लावला नाही, ते त्याचं काम नव्हे. पण रेग्युलेटर, शेगडी, नळी सगळं साबणाच्या पाण्यानं तपासलं. केशरी सुरक्षा नळीवर तारीख छापलेली असते आणि पाच वर्षांत ती बदलायची असते, हे त्यानं दाखवलं. आमची मुदतीच्या काठावर होती, बदलली, दोनशेच्या आत. गिझरकडं गेलेली हिरवी प्लॅस्टिकची लांब नळी बघून मात्र त्यानं कपाळाला हात लावला. गिझर बसवल्यापासून ती तशीच भिंतीच्या भोकातून गेलेली होती. रबरी नळी दीड मीटरहून लांब नको आणि भिंतीतून नकोच. भिंतीपलीकडं न्यायची तर तांब्याचा पाइप आणि गिझरपाशी वेगळा कॉक. त्याचे अठराशे गेले, आणि एकूण खर्चात मला सगळ्यात कमी खटकलेला खर्च हाच.

३० तारखेला सकाळी गिझर लावला. पाचही अंघोळी झाल्या. भोकातून सारखी डोकावून पाहत होते, ज्वाळा शेवटपर्यंत निळी. आत्याबाई म्हणाल्या, “आता त्याच्याकडं बघतच बसणार का, शाळा नाही तुला?”

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मागवला, १,९०० ला. स्वयंपाकघरात आत्याबाईंच्या बसायच्या जागेजवळ, डोक्याच्या उंचीवर लावलाय. घेताना तो एलपीजी गळतीचा आहे की कार्बन मोनॉक्साइडचा हे नीट बघून घ्या. डबे सारखेच दिसतात, कामं वेगळी. गळतीचा असेल तर तो खाली फरशीजवळ लावायचा असतो. आमच्या अलार्मची चाचणीची शिट्टी एवढी मोठी आहे की धाकट्यानं ती दोनदा वाजवून दाखवल्यावर खालून काकू काठी आपटत आल्या.

आल्या तशा थांबल्या, आणि अलार्म कशाचा ते विचारून घेतलं. तेव्हा कळलं की खाली त्यांचा स्वतःचा गिझर बाथरूमच्या आतच आहे, आठ वर्षांचा, बिनपाटीचा, त्याला कोड वगैरे काही येतच नाही. खिडकी आहे, पण थंडीत तिला पुठ्ठा लावलेला. दुसऱ्या दिवशी काकांनी तंत्रज्ञाचा नंबर मागितला. पुठ्ठा लगेच निघाला, गिझर सध्या बंद आहे आणि तो बाहेरच्या भिंतीवर हलवायचा ठरलंय. गवंडी उरुसाच्या गर्दीत दुकानं बांधायला गेलाय, तो मोकळा झाला की भिंतीला भोक पाडणार. तोवर त्यांचं गरम पाणी आमच्याकडून बादलीनं खाली जातं.